पेन ओतताना रंग कोणता घ्यावा?



रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ, घरच्या घरी साच्यात ओतून पेनाची कांडी करावी आणि ती लेथवर उतरवून तिचे पेन बनवावे, हा छंद आपल्याकडेही काही मंडळींना लागला आहे. मी त्यांपैकीच एक. रंगाविषयी बोलताना सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो; कारण या विषयातले जे थोडेबहुत मला कळले, ते त्या फजितीपायी कळले.

माझ्या थोरल्या बहिणीने एका भाऊबिजेला ओवाळणी म्हणून माझ्या हातचे पेन मागितले, आणि तेही मोरपंखी. मी पारदर्शक रेझिन घेतले, त्यात निळसर हिरव्या रंगाचे थेंब टाकले आणि ओतले. साच्यातून निघालेला ठोकळा इतका गडद आणि देखणा होता, की घरातल्या प्रत्येकाने तो हातात घेऊन पाहिला. पेन मात्र तयार झाले ते कच्च्या लिंबाच्या रंगाचे! अक्का एवढेच म्हणाली, "अरे, मोर कुठे गेला?" पुढे ती रोज खिडकीशी बसून त्याच पेनाने लिहीत असे. चैत्र येईपर्यंत ते लिंबूही उडून गेले.

मोर कुठे गेला, हे पाहू. ठोकळा असतो सुमारे 19 मिलिमीटर जाड. त्याला आरपार भोक पाडून त्यात सात मिलिमीटर जाडीची पितळी नळी चिकटवतात आणि मग तो लेथवर उतरवतात. सडपातळ पेनाची टोके उतरून साडेआठ मिलिमीटरच्या आसपास येतात. म्हणजे नळीच्या भोवती रेझिन उरले किती? एका बाजूला पाऊण मिलिमीटर! किटलीतला काळाभोर चहा बशीत ओतला की पिवळसर दिसतो, तोच हा प्रकार. हिशेबच मांडायचा, तर एक मिलिमीटर थरातून शेकडा 90 प्रकाश पार होत असेल, तर तशाच 20 मिलिमीटर थरातून शेकडा 12 च होतो. मी रंग ठोकळ्यात पाहून पसंत केला होता. अक्काच्या हाती आली ती बशी. त्यातून खालचे पितळ पिवळे. प्रकाश पातळ भिंतीतून आत जाऊन पितळावरून परतला तो पिवळा होऊनच.

तेव्हा पहिला विचार रंगाचा नव्हे, रंगाखाली काय आहे याचा करावा. नळीला आणि भोकाच्या आतल्या बाजूला आधी रंग द्यावा. उजळपणा हवा असेल तर पांढरा, खोली हवी असेल तर काळा.

आता खुद्द रंगाकडे वळू. रंग दोन जातींचे. एक साखरेसारखा विरघळणारा. त्याने रेझिन रंगते, पण पारदर्शकच राहते. दुसरा न विरघळणारा, बारीक कणांचा. टिटॅनियमची पांढरी पूड यातलीच. रेझिनचा वक्रीभवनांक दीडच्या जवळ, तर या पुडीचा अडीचच्या वर. या तफावतीमुळे प्रकाश कणाकणावर विखुरतो आणि पितळ झाकले जाते. विरघळणाऱ्या रंगात चिमूटभर पांढरी पूड मिसळली, तरी बशीचा दोष पुष्कळ कमी होतो. मात्र मग मोर मिळत नाही, रंगवलेली भिंत मिळते.

मोरासाठी तिसरीकडे जावे लागते. मोराच्या पिसात निळे किंवा हिरवे द्रव्य नाहीच! आहे ते काळपट द्रव्य, आणि त्याच्या अतिसूक्ष्म काड्यांची नेटकी रचना. त्या रचनेवरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळून रंग उमटवतात. हीच युक्ती अभ्रकाच्या पुडीत साधलेली असते. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टिटॅनियम ऑक्साइडचा लेप देतात. लेप मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढा असला तर चंदेरी झाक येते. तो जाड होत गेला की सोनेरी, तांबूस, निळी आणि हिरवी अशा झाका क्रमाने येतात. ही पूड पांढऱ्या नळीवर केविलवाणी दिसते, कारण पापुद्र्यातून पार गेलेला विरुद्ध रंग खालून परत येऊन झाक पुसून टाकतो. काळ्या नळीवर तो गिळला जातो आणि झाक उठून दिसते. मोराने काळे अस्तर उगाच घातलेले नाही.

अभ्रकाची एक खोड सांगतो. रेझिन पातळ असताना ते घातले, तर तळाशी बसते. पाक एकतारी होऊ लागला की साखरभात करणारी बाई जशी सावध होते, तसे सावध राहून त्याच वेळी अभ्रक घालावे आणि ओतावे. आणखी उशीर केला तर बुडबुडे अडकतात.

रेझिनचे आणि रंगाचे जमते की नाही, तेही पाहावे लागते. पॉलियुरेथेनला पाण्याचे वावडे. पाण्यातला रंग घातला की कर्बवायू सुटून कांडी खरवसासारखी जाळीदार होते. पॉलिएस्टर घट्ट करण्यासाठी पेरॉक्साइड घालतात; ते काही विरघळणारे रंग उडवते. इपॉक्सीच्या घट्टकात अमाइने, म्हणजे अल्कधर्मी द्रव्ये असतात. हळदीला चुना लागला की काय होते, ते कुंकू करणाऱ्यांना सांगायला नको. तेव्हा हळदीचा पिवळा तिथे टिकेल असा भरवसा धरू नये. रांगोळीचे रंगही टाळावेत. ती शिरगोळ्याची पूड, लेथच्या हत्याराची धार घालवते.

उरले ऊन. हळदीचा डाग उन्हात उडतो हे घरोघरी ठाऊक आहे. चकाकणारे फ्लुओरेसंट रंगही असेच अल्पायुषी. गेरू मात्र उन्हाला दाद देत नाही. निळ्या-हिरव्यासाठी थॅलोसायनिनसारखा आधार नाही. 1928 साली स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमथच्या कारखान्यात एका भांड्याचे काचेचे अस्तर तडकले, आतला माल लोखंडाला लागला आणि नको असलेला निळा पदार्थ तयार झाला. त्याच कुळातला तांबेयुक्त निळा 1935 मध्ये बाजारात आला. तो इतका जोरकस आहे, की एका कांडीला मोहरीएवढा पुरे. पिवळ्यासाठी जुना क्रोम यलो मात्र घरात आणू नका. त्यात शिसे असते, आणि लेथवर उडणारी भुकटी नाकात जाते. तसे पाहता मुखपट्टी कोणत्याही रंगाला हवीच.

हल्ली मी कोणताही रंग आधी पितळेच्या पट्टीवर थेंबभर ओततो, घासून पाऊण मिलिमीटरवर आणतो, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकतो आणि पट्टी वैशाखभर खिडकीत ठेवतो. पुठ्ठा उचलल्यावर सीमारेषा दिसली, तर तो रंग बाद.

पुढच्या भाऊबिजेला काळी नळी, मोहरीभर थॅलो आणि हिरव्या झाकेचे अभ्रक असे पेन अक्काला दिले. ते तिने उन्हात धरून फिरवले, दोनदा फिरवले आणि लिहायला घेतले. मी पहिले पेन परत मागितले. ते मात्र तिने अजून दिलेले नाही.