इंग्रजीच्या अध्यापकाचा व्यावसायिक विकास : प्रशिक्षण आणि प्रत्यय

प्रास्ताविक

माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकविण्यासाठी बी.एड. ही पदवी आवश्यक मानली जाते. वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकाला मात्र अध्यापनशास्त्राची कोणतीही पदवी लागत नाही. इंग्रजी साहित्यातील एम.ए. आणि नेट अथवा सेट ही त्याची पात्रता होय, आणि या परीक्षांचा भर मुख्यत्वे साहित्यावर व समीक्षेवर असतो. असा अध्यापक रुजू होतो तेव्हा त्याच्या वाट्याला कादंबरीपेक्षा प्रथम वर्षाच्या अनिवार्य इंग्रजीचे तास अधिक येतात. (अभ्यासक्रमात या विषयाचे नाव बदलत राहिले तरी तास तेच राहतात.) समोर शंभरएक विद्यार्थी असतात. त्यांपैकी बहुतेकांची इंग्रजी ही द्वितीय भाषा असते आणि वर्गाबाहेर ती क्वचितच कानावर पडते. भाषा कशी शिकली जाते, याचा विचार करण्याची वेळ या अध्यापकावर नोकरी लागल्यानंतर येते. म्हणूनच सेवांतर्गत विकासाचे स्वरूप काय असावे, हा प्रश्न इंग्रजीच्या बाबतीत विशेष निकडीचा ठरतो. दक्षिण भारतातील दोन प्रयोगांच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

मद्रास ते बंगळूर

१९५९ मध्ये तत्कालीन मद्रास राज्यात इंग्रजी शिक्षकांच्या पुनर्प्रशिक्षणाची एक प्रचंड मोहीम हाती घेण्यात आली. रचनात्मक पद्धतीने, म्हणजे वाक्यरचनांचा क्रमवार सराव देऊन इंग्रजी शिकविण्यासाठी सुमारे २७,००० शिक्षकांना तयार करावयाचे होते. त्यासाठी प्रथम निवडक व्यक्तींना प्रशिक्षण द्यावयाचे, त्यांनी पुढच्या तुकडीला शिकवावयाचे, अशी योजना होती. उतारावरून घरंगळणाऱ्या बर्फाच्या गोळ्याप्रमाणे ती वाढत जाईल, अशी कल्पना असल्याने तिला तसेच नावही मिळाले. पुढे आपल्याकडील बहुतेक शासकीय प्रशिक्षणांनी हाच साचा स्वीकारला. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हाही अल्पावधीत असंख्य प्राथमिक शिक्षकांपर्यंत पोहोचण्याची निकड होतीच. या साच्याची मर्यादा उघड आहे. प्रत्येक पायरीवर कृती पुढे जाते, तिच्यामागील कारण मात्र मागे राहते. शेवटच्या शिक्षकाच्या हाती ‘असे करा’ एवढेच उरते.

दुसरा प्रयोग १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर व मद्रास परिसरातील काही शाळांत झाला. विद्यार्थ्याचे लक्ष अर्थावर असताना व्याकरण आपोआप घडत जाते, असे त्याचे गृहीतक होते. म्हणून व्याकरणाचे पाठ बाजूस ठेवून वर्गात रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, तक्ता यांवर आधारित कूटे सोडविण्यास दिली जात. कार्याधारित अध्यापनाच्या जागतिक चर्चेत या प्रकल्पाचे नाव आजही आदराने घेतले जाते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील वेगळीच गोष्ट महत्त्वाची आहे. प्रकल्पाच्या अंमलबजावणीचा अॅलन बेरेटा यांनी १९९० मध्ये आढावा घेतला. शाळेतील नेहमीच्या शिक्षकांना ही पद्धत आत्मसात करणे बाहेरून आलेल्या जाणकारांपेक्षा जड गेले, असे त्यात दिसून आले. म्हणजे पद्धत नवी, विचारपूर्वक घडविलेली आणि भारतीय वर्गातच तपासलेली असूनही ती एकाकडून दुसऱ्याकडे सहज सोपविता आली नाही.

प्रभूंनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात सर्वोत्तम अशी अध्यापनपद्धती का असू शकत नाही, याची मीमांसा केली. कोणत्या कृतीने विद्यार्थी शिकतो याविषयी प्रत्येक अध्यापकाच्या मनात स्वतःच्या अनुभवातून एक धारणा तयार होते. तिला त्यांनी ‘सेन्स ऑफ प्लॉझिबिलिटी’ म्हटले. मराठीत ‘प्रत्ययाची जाण’ म्हणता येईल. ही जाण जागी असेल तर अध्यापन जिवंत राहते. ती गोठली की उत्तम पद्धतही यांत्रिक होते. प्रभूंच्या मते अध्यापनाचा खरा शत्रू हे यांत्रिकपणच आहे, सदोष पद्धत नव्हे.

वर्गातील एक उदाहरण

प्रथम वर्षाचा विद्यार्थी ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे विचारतो. क्रियापद कर्त्याआधी आणावे हा नियम त्याला सांगता येतो, परंतु पुढच्याच वाक्यात तो पुन्हा तीच चूक करतो. याचे मूळ मराठीत आहे. ‘तू पुण्याला जातोस’ या विधानाला ‘का’ जोडले की प्रश्न तयार होतो. शब्दक्रम हलत नाही. एक अध्यापक येथे वीस वाक्यांचा सराव देईल, दुसरा दोन्ही भाषांतील प्रश्नरचना फळ्यावर शेजारीशेजारी मांडील, तिसरा विद्यार्थ्यांच्या जोड्या करून एकाच्या हाती अपुरे वेळापत्रक देईल व उरलेली माहिती दुसऱ्याला विचारून काढावयास लावील. तिघांच्याही कृतीमागे भाषा कशी येते याविषयीची एकेक धारणा आहे. ती धारणा उच्चारणे आणि महिन्याभराने विद्यार्थ्यांच्या वह्यांत पडताळून पाहणे, हाच व्यावसायिक विकास होय. चूक हा शिकण्याच्या प्रक्रियेचा पुरावा असतो, हे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडले होते.

अशा पडताळणीतून अनपेक्षित लाभही होतो. मराठी भाषकाच्या बोलण्यात इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या अक्षरांचे ध्वनी एकरूप होतात, अशी सर्वत्र तक्रार असते. परंतु मराठी लेखनात आपण ‘व्हॅन’ आणि ‘वॉर्ड’ असा भेद नित्य पाळतो. हा भेद विद्यार्थ्याच्या नजरेत आधीच आहे. तेथून तो कानापर्यंत न्यावयाचा आहे. हे हैदराबादच्या वा लंडनच्या पाठ्यपुस्तकात सापडेलच असे नाही. मराठी जाणणाऱ्या अध्यापकाला मात्र ते सहज दिसू शकते.

उजळणी वर्ग व त्यापलीकडे

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उभारली. या केंद्रांची नावे बदलत गेली. २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. येथील उद्बोधन व उजळणी वर्गांनी अध्यापकांना एकत्र आणले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्यांची सांगड पदोन्नतीशी घातली गेल्याने प्रमाणपत्र हेच अनेकदा साध्य होऊन बसले. शिवाय इंग्रजीच्या उजळणी वर्गात व्याख्याने बहुधा साहित्यसिद्धान्तावरच होतात. अनिवार्य इंग्रजीच्या तासाला काय घडते, याची चर्चा चहाच्या वेळेत होते, आणि तीच अधिक उपयुक्त असते!

या बाबतीत शालेय शिक्षक आपल्या पुढे गेले आहेत. महाराष्ट्रात २०१६ मध्ये राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट्स यांच्या सहकार्याने सुरू झालेल्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचे स्थानिक गट ठरावीक काळाने भेटत आणि आपापल्या वर्गातील अनुभव मांडत. महाविद्यालयीन इंग्रजी विभागाला यासाठी प्रकल्पाचीही गरज नाही. पंधरवड्यातून एक तास, एका सहकाऱ्याच्या वर्गातील वीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि दहा वह्या एवढे साहित्य पुरेसे आहे. ध्वनिमुद्रण ऐकताना अध्यापक किती बोलला आणि विद्यार्थी किती, एवढे मोजले तरी चर्चेला आरंभ होतो. अडचण आहे ती अशा तासाची नोंद कोठे करावयाची, ही. पदोन्नतीच्या तक्त्यात त्यासाठी स्वतंत्र रकाना नाही. विभागाच्या वार्षिक अहवालात व अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या नोंदवहीत तो मिळवून देणे हे विभागप्रमुख व प्राचार्य यांच्या अधिकारात आहे.