ओढ्यांतला मल्या

आपल्या घरांतून माशाचा परिचय बहुधा मत्स्यावताराच्या कथेपुरता, अथवा तीर्थाच्या घाटावर कणकेच्या गोळ्या टाकण्यापुरता असतो. त्या गोळ्यांवर झेपावणारे मोठे मासे सर्वांच्या नजरेंत भरतात. परंतु सह्याद्रीच्या ओढ्यांत खडकाला चिकटून राहणारा लहानसा मल्या सहसा कोणास दिसत नाहीं.

ज्या प्रवाहांत माणसाचा पाय ठरत नाहीं, तेथें हा इवलासा जीव टिकतो कसा? त्याच्या शरीराची घडण पाहिली म्हणजे उलगडा होतो. त्याचें पोट चपटें असून तोंड डोक्याच्या खालच्या अंगास असतें. खालच्या ओठामागें एक मांसल चकती असते. ती दगडावर टेकवून व छातीचे पर दोहों बाजूंस पसरून तो खडक धरून राहतो. दगडाला लागून पाण्याचा वेग मंदावलेला असतो, त्याचाहि त्यास आश्रय मिळतो. खडकावरचें शेवाळ खरवडून तो आपला उदरनिर्वाह करितो.

ह्या माशाला शास्त्रांत स्थान मिळालें तें आपल्याच भाषेच्या हात धरून. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करांतील विल्यम हेन्री साइक्स ह्यानें दख्खनच्या माशांचीं वर्णनें १८३९ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांतील कित्येक जातींना त्यानें येथील लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. त्यामुळें आजहि जगभरचे प्राणिशास्त्रज्ञ मल्यास ‘गारा मुल्या’ ह्या नांवानें ओळखतात. नदीवर जाळें टाकणाऱ्यांचा एक साधा शब्द असा ग्रंथांत चिरस्थायी झाला.

नांव राहिलें, मासाहि राहावा, ही जबाबदारी मात्र आपली आहे. मल्याची जात दक्षिण भारतांत दूरवर पसरलेली असून ती नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, असें नाहीं. परंतु ज्या ओढ्याचें पाणी बंधाऱ्यानें कोंडलें जातें, किंवा उघड्या डोंगराची माती येऊन ज्याच्या दगडांवर गाळ बसतो, तेथें त्याला धरावयास खडक व खावयास शेवाळ उरत नाहीं. ओढा दिसावयास भरलेला असतो, पण मल्याचें घर मोडलेलें असतें.

पुढील सुटींत मुलांसह एखाद्या ओढ्याकांठीं जाल, तेव्हां क्षणभर निवांत बसावें आणि पाण्यांतील दगडांकडे निरखून पाहावें. मल्या दिसला तर मुलांना त्याचें नांव अवश्य सांगावें. ज्याचें नांव ठाऊक असतें, त्याची उणीव मनुष्यास लवकर जाणवते.