कायाक, गळ आणि सोबत

मासेमारीचे नाव काढताच आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. ज्या घरांतून हे मासिक वाचले जाते, त्यांपैकी कित्येकांच्या चुलीवर मासळी कधी चढलेली नाही. आणि ज्या घरी ती चढते तेथेही मासळीची पारख बाजारापुरतीच, दर्यातून ती काढून आणण्याची विद्या निराळी. आमच्या चौघांच्या मंडळीतच दोघे शाकाहारी आहेत. तथापि काही वर्षांपासून हिवाळा लागला की आम्ही चौघे कोकणच्या किनाऱ्यावर जमतो आणि पहाटे, एकेका माणसाच्या चार निरनिराळ्या होड्यांत बसून, समुद्रात गळ टाकतो. हा छंद कसला, त्यात धोका किती आणि तो कशाने टळतो, एवढेच सांगण्याचा येथे विचार आहे. पाककृतीच्या आशेने ज्यांनी हे पान उघडले असेल त्यांनी खुशाल पुढील पानाकडे वळावे.

या होडीस कायाक म्हणतात. शब्द आणि वस्तू दोन्ही उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. ग्रीनलंडात मोठी झाडे जवळजवळ नाहीतच. तेव्हा समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा करावयाचा, त्यावर सीलचे कातडे शिवून ताणावयाचे, आणि मध्ये एकच भोक ठेवून त्यात कमरेपर्यंत शिरून बसावयाचे, अशी तिची मूळची रचना. शिकारी आपला चामडी अंगरखा त्या भोकाच्या कडेभोवती असा आवळून घेई की, होडी उलटली तरी आत पाणी शिरू नये. आणि उलटलेला शिकारी वल्ह्याच्या एका फटक्यासरशी पुन्हा वर येई. आपल्याकडे शिंपी बाराबंदी बेतावी तशी तेथे ज्याची त्याची होडी ज्याच्या त्याच्या मापाने बेतीत. होडी वापरण्यापेक्षा ती अंगात घालीत, असे म्हटले तरी चालेल.

हल्ली मासेमारीसाठी जी कायाक बहुधा वापरतात ती मात्र या आजीची नात म्हणून ओळखूही येऊ नये इतकी बदलली आहे. ती पॉलिएथिलीन या प्लास्टिकची, आतून पोकळ आणि वरून बंद असते. माणूस तिच्या आत नव्हे, तिच्यावर बसतो. लांबी आठ-नऊ हात, रुंदी सुमारे पावणेदोन हात, वजन बहुधा २५ ते ३५ किलो, म्हणजे दोघांनी उचलून वाळूवरून सहज न्यावी अशी. बैठकीच्या जागी तिला आरपार भोके असतात, आणि ती पाहून नवखा मनुष्य हटकून विचारतो की, फुटकी होडी आम्हांस का देता? परंतु होडीचे पोट सर्व बाजूंनी बंद असल्यामुळे ती बुडत नाही, उलट लाटेने वर आलेले पाणी त्याच भोकांतून निथळून जाते. वल्हे एकच, पण दोन्ही टोकांस पाते असलेले.

आमचे ठिकाण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आहे. कर्ली नदी देवबागजवळ समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिणेस भोगवे, आणि त्याच्याही पुढे निवतीचा किल्ला. डोंगराच्या सोंडा समुद्रात उतरलेल्या, त्यांच्यामध्ये वाळूचे तुकडे आणि सोंडांच्या पायथ्याशी पाण्यात बुडालेले काळे खडक. त्या खडकांच्या कपारींत तांबोशी आणि गोब्रा राहतात. उत्तरेस मालवणकडे, १६६४ साली ज्याच्या बांधणीस प्रारंभ झाला त्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आहे. तिकडे आम्ही पाण्याखालचे प्रवाळ पाहावयास जातो, गळ बरोबर नेत नाही.

पहिल्या वर्षी आमच्या होड्या वाळूवर मांडलेल्या पाहून एक वृद्ध गाबीत जवळ आला, दोन वेळा होडीभोवती फिरला आणि म्हणाला, ‘‘हिची उलांडी खंय?’’ प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. कोकणातील लहान होडीस एका बाजूला दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी तरंगते लाकूड जोडलेले असते, तीच उलांडी. तिच्यामुळे अरुंद होडीही कलंडत नाही. कायाकला असला आधार नाही. तोल राखावयाचा तो बसणाऱ्याच्या कमरेने. आम्ही हे समजावून सांगितले तेव्हा म्हातारबोवा हसले, आणि तीन वाक्यांत जे सांगून गेले त्याचा उपयोग आम्हांस पुढे कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक झाला. सार असे की, पहाटेचा वारा तुम्हांस बाहेर नेईल, तो तुमचा नव्हे. दुपारचा वारा तुम्हांस आत आणील, पण धडपणे आणणार नाही. म्हणून, ‘‘धाच्या आदी परत येवा.’’

यातील शास्त्र असे आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. हाच मतलई वारा. तो पाठीशी असल्यामुळे होडी विनाश्रम पुढे सरकते, आणि किनाऱ्यालगत त्यास लाटा उठविण्याइतके अंतरच मिळत नसल्यामुळे पाणी ताटात ओतल्यासारखे सपाट दिसते. नवख्यास यासारखी मोहात पाडणारी दुसरी गोष्ट नाही. मागे वळून पाहावे तो माडांची रांग बोटभर उंचीची झालेली असते, आणि परत फिरावयाचे म्हटले की तोच वारा छातीवर येतो. पुढे ऊन तापले की हा वारा पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. तो किनाऱ्याकडे आणतो हे खरे. पण येताना लाटा फुगवून आणतो, आणि फुटत्या लाटेवर बसून वाळूस लागणे हे कायाकवाल्याचे सर्वांत अवघड काम आहे. म्हणून आमची वेळ उजाडल्यापासून दहा वाजेपर्यंतची, आणि किनाऱ्यापासूनचे अंतर असे की वाळूवरचा मनुष्य ओळखू यावा.

आता गळाविषयी. मोठ्या बोटीचा गडगडाट नसल्यामुळे कायाक खडकांच्या अगदी जवळ जाते, आणि मासे बिचकत नाहीत. तंगुसाला शिसे आणि गळ बांधून, त्यावर कोळंबी किंवा तारलीचा तुकडा लावून तळाशी सोडावयाचे, ही एक रीत. वल्हे मारीत असता चकाकणारे खोटे आमिष मागे ओढीत न्यावयाचे, ही दुसरी. बांगड्यांचा थवा वर आला म्हणजे त्या तेवढ्याच जागी पाऊस पडत असल्यासारखे पाणी शिरशिरते, आणि ते दृश्य पाहण्यासाठी आमचे शाकाहारी वकीलसाहेब गळास हातही न लावता दरवर्षी येतात. सुरमईसारखा मोठा मासा लागला की तो होडीसकट माणसास ओढीत नेतो. मासा कोणी कोणास धरला आहे असा क्षणभर संशय पडतो. प्रत्येक वेळी हवे तेच लागते असे मात्र नाही. शिंगाळ्याच्या काट्यात विष असते, आणि मांडीएवढ्या जागेत तो तडफडू लागला म्हणजे पाय कोठे ठेवावे हा प्रश्न येतो. केंड वर आला की फुग्यासारखा फुगतो; तो विषारी, त्यास तसाच सोडून द्यावा. लहान पिल्लेही आम्ही सोडतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पन्नासांहून अधिक जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, तेव्हा छंद म्हणून गळ टाकणाऱ्याने तीपेक्षा लहान मासा घरी न्यावा, यास आम्हांस काही कारण दिसत नाही.

एके वर्षी पौषातील सकाळी आमच्या प्राध्यापकमहाशयांच्या गळास काहीतरी जड लागले. निवतीच्या सोंडेपासून थोड्याच अंतरावर आम्ही होतो. मासा होडीखालून दुसऱ्या बाजूस गेला, प्राध्यापक त्यास पाहण्यासाठी वाकले, आणि कायाक उलटली. अंगात तरंगते जाकीट असल्यामुळे ते लगेच वर आले. परंतु मासा अद्याप गळास होता आणि तंगुसाचा वेढा त्यांच्या घोट्यास बसला होता. पाण्यात पडलेल्या माणसास होडी दूर जाते आहे हे दिसते आणि पाय कोणीतरी खाली ओढते आहे हे जाणवते, तेव्हा शहाणा मनुष्यही भलतेच हातपाय मारू लागतो. आमच्यातील डॉक्टरीणबाई दहा-पंधरा हातांवर होत्या. ‘‘अहो, होडी सोडू नका! वल्हे बांधलेले आहे, ते राहू द्या, होडीला धरा!’’ असे ओरडत त्या जवळ गेल्या, जाकिटाच्या छातीवर अडकविलेली सुरी काढली आणि तंगूस कापला. मग वकीलसाहेबांनी आपली कायाक तिला समांतर लावून घट्ट धरली. प्राध्यापकांनी उलट्या होडीच्या पाठीवरून हात टाकून ती सरळ केली, पोटावर आडवे पडून पाय झाडीत वर चढले, कूस बदलून बसले. सारे पाच मिनिटांत आटोपले. किनाऱ्यावर आल्यावर त्यांनी चहा मागितला आणि गेलेल्या माशाबद्दल हळहळ व्यक्त केली. त्या माशाचे वजन तेव्हापासून दर वर्षी वाढत आहे.

त्या पाच मिनिटांत जे जे उपयोगी पडले त्याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. जाकीट, सुरी, दोरीने होडीस बांधलेले वल्हे, ही साधने दुकानात मिळतात. परंतु सुरी चालविणारा हात आणि होडी धरणारी होडी या दोन वस्तू मिळत नाहीत; त्या शेजारी असाव्या लागतात. कायाक ही एकट्याची होडी असल्यामुळे एकट्याने जाण्याचा मोह फार होतो, आणि चांगले येऊ लागले की तो अधिकच होतो.

जिनो वॉट्किन्स हा इंग्रज संशोधक याचे उदाहरण आहे. १९३० ते ३१ या काळात ग्रीनलंडात राहून तो तेथील लोकांपासून कायाक चालविण्यास आणि उलटल्यावर वर येण्यास इतका निष्णात झाला की, युरोपियन माणसांत त्याच्या बरोबरीचे फार थोडे असतील. १९३२ च्या ऑगस्टमध्ये, सोबत्यांसाठी अन्न मिळवावे म्हणून, तो एकटाच सीलच्या शिकारीस बाहेर पडला. सोबत्यांस पुढे त्याची कायाक तरंगताना सापडली. तो सापडला नाही. वय अवघे पंचवीस. काय घडले हे पाहावयास शेजारी कोणी नव्हते, म्हणून ते आजतागायत कोणास ठाऊक नाही.

याच्या उलट नान्सेनची हकीकत. नॉर्वेचा हा शास्त्रज्ञ आणि त्याचा सोबती योहानसेन उत्तर ध्रुवाच्या दिशेने जाऊन परतत असता, १९९६ च्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८९६ च्या जूनमध्ये फ्रान्झ योसेफ बेटांत बर्फाच्या काठास थांबले. दोन्ही कायाक एकत्र जखडून काठास बांधल्या होत्या. बंध सुटला आणि त्या वाहत निघाल्या. अन्न, बंदुका, सारे त्यांत. दोघांपाशी उरली नाही साधी सुरी. नान्सेनने घड्याळ योहानसेनच्या हाती दिले, काही कपडे उतरविले आणि त्या हिमजलात उडी घेतली. हातपाय बधिर होता होता त्याने होड्या गाठल्या, महत्प्रयासाने वर चढला, आणि परत येताना वाटेत दोन पक्षी दिसले ते भोजनासाठी टिपले! काठावर योहानसेनने त्यास कोरडे कपडे घालून, झोपण्याच्या पिशवीत गुंडाळून ऊब दिली. आमच्याकडील पाणी कोमट असते, थंडीने कोणी गोठत नाही. तथापि वल्हे, डबा, चष्मा, सारे काही दोरीने बांधून ठेवण्याचा आमच्यातील नियम या हकीकतीवरून पडला आहे. चष्म्याची सूचना वकीलसाहेबांची.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच धरावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींस मासेमारीची बंदी असते. कायाकला यंत्र नसले तरी पावसाळ्यातील दर्यात तिचे काम नाही, आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण झाला म्हणजे समुद्र लगेच आमच्याजोगा होतो असेही नाही. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा, किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणास परतीची वेळ सांगून ठेवावी, आणि जलरोधक पिशवीतील दूरध्वनीत तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक असावा.

भरतीसाठी मात्र पंचांग पुरे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे गणित कोकणातील मुलासही येते: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. मुंबईस ते बरेच जुळते. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. आमची पुढील खेप माघ शुद्ध अष्टमीस ठरली आहे. भांगाचे दिवस, म्हणून पाण्याची ओढ कमी. भरती उजाडण्यापूर्वी होऊन गेलेली, म्हणून निघताना ओहोटी. ओहोटीचे पाणी कर्लीच्या मुखातून बाहेर पडताना येणाऱ्या लाटांशी झुंजते, सबब मुखाकडे न जाता दक्षिणेस वळावयाचे. प्राध्यापकांनी नवा तंगूस घेतला आहे. मासळी मिळालीच तर दोन घरांत वाटली जाईल, आणि उरलेल्या दोघांचा वाटा नेहमीप्रमाणे त्या म्हाताऱ्या गाबिताच्या घरी जाईल.