याला मोड नाही

नांदेडच्या इतवाऱ्यात गेलो तो इटालियन बशीपायी. पुण्यातल्या ओळखीच्या एक बाई १९५०-६० च्या दशकांतल्या इटालियन बशा जमवतात. नोव्हे, बास्सानो अशा कुंभारकामाच्या गावांतल्या, भिंतीवर टांगायच्या, ज्यांवर द्राक्षं आणि लिंबं चांगली उठून आलेली असतात. "निजामाच्या जुन्या मुलखात, तुमच्याकडे काय काय आलं असेल, बघा की," असं त्या म्हणाल्या होत्या.

इटलीचं काही सापडलं नाही. सापडली ती तामचिनी.

भंगाराच्या दुकानात ओल्या पोत्यांचा आणि रॉकेलचा वास भरून होता. म्हाताऱ्या चाचांनी ढिगातून एक काळीकुट्ट ताटली ओढली आणि तिला चुंबक लावलं. चिकटलं, म्हणजे आत लोखंड. त्यावर काचेची पूड आठशे अंशांच्या आसपास भाजून चढवलेली. चिकटलं नसतं तर मेलामाइन म्हणून ती बाजूला गेली असती. मग अंगठ्याचं नख कडेवरून सावकाश फिरलं. टवका उडालेला असला की नख अडतं, आणि तिथूनच गंज आत शिरतो. हे नख अडलं नाही. रॉकेलच्या चिंधीखाली आधी सफरचंदाचा लाल गाल दिसला, मग नासपतीचं देठ, मग द्राक्षांचा घड. चाचा पुसायचे थांबले.

"सौ में एक निकलती ऐसी."

बाकीच्या नव्याण्णवांचं काय होतं, ते लातूरला कळलं. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथल्या एका भांडीवाल्याला ताटलीचा फोटो दाखवला. त्यानं नीट पाहिलाही नाही. "तांबं आणा, पितळ आणा. याला मोड नाही." तांब्या-पितळेचं वितळवून पुन्हा भांडं होतं, या लोखंडावर काच, ते कोण घेणार? स्टील आलं तेव्हा पितळेची भांडी निदान मोडीत निघाली. तामचिनी मात्र कोंबड्यांच्या पाण्याला, चुना कालवायला, माळ्यावर. परतीच्या वाटेवर एकानं चेपलेली ताटली दाखवली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातली, किल्लारीकडची म्हणून चौपट भाव सांगितला. चाचांना हे सांगितलं तर ते हसले. त्यांच्या हिशेबानं बाजारातली चेपलेली प्रत्येक चीज भूकंपातलीच असते.

चाचांकडे मी पुन्हा गेलो होतो, कारण ते लाल सफरचंद डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ते मी आधी कुठं पाहिलं होतं, हे त्या दुकानात रॉकेलचा वास नाकात गेल्यावर आठवलं. कंधार तालुक्यात आत्याचा वाडा होता. ढाळजेतल्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी आणि तिच्याशेजारी अशीच फळांची ताटली. आत सगळी साधी पितळी ताटं आणि बाहेर ही रंगीत. लहानपणी मला त्या ताटलीत जेवायचं होतं, म्हणून मी एकदा रडलोही होतो. ती सालगड्याची होती. आत्या वरून भाकरी टाकायची, वरूनच कालवण ओतायची. जेवण झालं की तो ती स्वतः घासून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. घरात सगळ्यांत देखणी ताटली त्याची होती, आणि तिला आमच्यातलं कुणी हात लावत नव्हतं. सफरचंद त्यानं कधी खाल्लं होतं की नाही, देव जाणे. आम्हीही वर्षातून एखाद्या वेळीच, कुणी आजारी पडलं तर.

पुण्याच्या बाईंना मी हे सांगितलेलं नाही. त्यांना फोटो आवडला, "भिंतीवर काय शोभेल!" म्हणाल्या.

चाचांनी तीनशे सांगितले. मी घासाघीस केली नाही. त्यांनी ताटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि देता देता पुन्हा म्हणाले, "सौ में एक."

घरी येऊन ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. आई पोळ्या लाटत होती. तिनं कागद उलगडलेला पाहिला, फळं पाहिली. पिठाचे हात पदराला पुसले, पण ताटलीला लावले नाहीत.

"ही आत कशाला आणलीस?"