न जळलेल्या युनिटांचा हिशेब

वीजबचतीच्या योजनेनं किती वीज वाचवली हे मीटरवरून कळतं, अशी बहुतेकांची समजूत असते. आधीचं बिल आणि नंतरचं बिल शेजारी ठेवायचं, वजाबाकी करायची, झालं. पण मीटर मोजतं ती वापरलेली वीज. वाचलेली वीज म्हणजे जी वापरलीच गेली नाही ती, आणि जे घडलंच नाही ते कुठल्याही मीटरवर उमटत नाही. योजना आली नसती तर त्याच घरात, त्याच महिन्यात किती युनिट जळले असते याचा अंदाज आधी बांधावा लागतो. त्यातून प्रत्यक्ष वापर वजा केला की उरते ती बचत. म्हणजे बचतीचा प्रत्येक आकडा, मग तो मंत्र्यांच्या भाषणातला असो वा जागतिक बँकेच्या अहवालातला, एका तुलनेवर उभा असतो. ती तुलना कच्ची असेल तर आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत दिला तरी कच्चाच. ऊर्जा कार्यक्षमतेच्या धोरणांबद्दलचे बहुतेक गैरसमज, योजनांना डोक्यावर घेणारे आणि त्यांना मोडीत काढणारेही, ही तुलना कशाशी केली हे न विचारल्यामुळे पसरले आहेत.

आधी आणि नंतरच्या बिलांची वजाबाकी का फसते हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. नागपुरात मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो आणि ऑगस्टमध्ये तो बंद असतो. जूनमध्ये कमी विजेचे पंखे बसवले, तर बिलात जी घट दिसेल त्यातली बरीचशी पावसाची. मागच्या मेशी या मेची तुलना केली तरी ऊन कमीजास्त असतं, घरात नवा फ्रिज आलेला असतो, कुणी शिकायला बाहेरगावी गेलेलं असतं. 2020 साली तर टाळेबंदीनं घरांचा वापर वाढवला आणि कारखान्यांचा पाडला. त्या वर्षाशी केलेली कुठलीही तुलना काहीही सिद्ध करू शकते. कारखान्यांसाठी केंद्रानं 2012 मध्ये सुरू केलेल्या ‘पॅट’ योजनेत ही अडचण ओळखलेली होती. तिथे एकूण वापर न पाहता एक टन सिमेंटला किंवा पोलादाला किती ऊर्जा लागली हे पाहतात, आणि कच्चा माल वा उत्पादन बदललं तर आकडे दुरुस्त करून घेतात. तरीही पहिल्या टप्प्यात 478 उद्योगांना मिळून सुमारे 66.9 लाख टन तेलाइतक्या बचतीचं लक्ष्य होतं, आणि बचत नोंदली गेली 86.7 लाख टन. हे घवघवीत यश, की लक्ष्यच सोपं होतं? नुसत्या आकड्यावरून दोन्ही म्हणता येतं. बाजाराची साक्ष मात्र दुसऱ्या बाजूला झुकते: जादा बचतीबद्दल सुमारे 38 लाख प्रमाणपत्रं दिली गेली आणि ज्यांचं लक्ष्य हुकलं त्यांना विकत घ्यायची होती सुमारे 14 लाख.

दुसरा गैरसमज जास्त रुजलेला आहे: किती उपकरणं वाटली आणि एकामागे किती वॉट वाचतात यांचा गुणाकार म्हणजे बचत. 2015 च्या जानेवारीत सुरू झालेली ‘उजाला’ ही जगातल्या मोठ्या एलईडी योजनांपैकी एक. तिच्यातून सुमारे 36.8 कोटी बल्ब लोकांपर्यंत गेले आणि त्यामुळे दरवर्षी सुमारे 4,790 कोटी युनिट वाचतात, असं सरकारी आकडेवारी सांगते. हा हिशेब एका बल्बपुरता करून पाहू. भागाकार केला की एका बल्बमागे वर्षाला 130 युनिट येतात. 60 वॉटचा पिवळा बल्ब काढून 9 वॉटचा एलईडी लावला तर वाचतात 51 वॉट. तेवढ्यावर 130 युनिट जमवायचे तर तो बल्ब वर्षाचे 365 दिवस, रोज सात तास चालला पाहिजे. बैठकीच्या खोलीतला चालतही असेल. न्हाणीघरातला, जिन्यातला, माळ्यावरचा नाही चालत. शिवाय ज्या घरात आधीच 14 वॉटचा सीएफएल होता तिथे बचत अवघी 5 वॉटची, आणि 5 वॉटनं 130 युनिट वाचवायला 26,000 तास लागतील, तर वर्षात तास असतात 8,760. त्यात यातले बहुतेक बल्ब 2019 च्या आधीच विकले गेले. त्यांची हमी तीन वर्षांची होती. आज किती जळतात, किती भंगारात गेले, किती अजून खोक्यातच आहेत, हे वाटपाच्या नोंदवहीतून कळणार नाही. आणि सगळ्यात कळीचा प्रश्न: ही योजना नसती तर या घरांनी 2025 सालीही पिवळे बल्बच लावले असते का? बऱ्याच जणांनी दोनतीन वर्षांत एलईडी घेतलेच असते. त्यांची बचत खरी आहे, पण ती योजनेच्या खात्यावर कायमची जमा करता येत नाही.

पण इथेच थांबून ‘उजाला म्हणजे फुगवलेला आकडा’ असं म्हणणं हा उलटा गैरसमज ठरेल. या योजनेनं घाऊक खरेदीच्या निविदा काढल्या आणि एका बल्बचा खरेदी दर 2014 मधल्या 310 रुपयांवरून 2016 मध्ये 38 रुपयांपर्यंत उतरला. जगभर एलईडी स्वस्त होत होतेच, म्हणून या उताराचं सगळं श्रेय योजनेला जात नाही. पण एवढी खात्रीची मागणी समोर दिसल्यावर कारखानदारांनी भारतात उत्पादन वाढवलं आणि किराणा दुकानातला एलईडीही आवाक्यात आला. ज्यानं सरकारी केंद्रावर पाऊलही ठेवलं नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून बल्ब घेतला, त्याची बचत 36.8 कोटींच्या त्या गुणाकारात धरलेलीच नाही. माझ्या मते योजनेचा सगळ्यात मोठा परिणाम हाच असावा. म्हणजे एकच पद्धत एका बाजूनं बचत जास्त दाखवते आणि दुसऱ्या बाजूनं खरं कर्तृत्व झाकते. गुणाकारावर समाधान मानण्याची ही किंमत आहे.

शेतीपंपांचं उदाहरण याहून अवघड आणि महाराष्ट्राला जास्त जवळचं. शेतीपंप बदलण्याचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात झाला. 2,209 जुने पंप काढून तारांकित पंप बसवले आणि वर्षाला सुमारे 61 लाख युनिट वाचल्याचं जाहीर झालं. असा आकडा वाचताना कार्यक्षम पंप म्हणजे कमी वीज हे आपण गृहीत धरतो. विहिरीवर काय घडतं ते पाहा. शेतीला थ्री फेज वीज दिवसातून आठेक तास मिळते, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून ऑटो स्विच लावलेला असतो. वीज जाईपर्यंत पंप चालतो. जुना 5 एचपीचा पंप घेतलेल्या विजेपैकी 30 टक्के पाणी उचलण्यात लावत होता आणि नवा 50 टक्के लावतो असं समजू. नवाही 5 एचपीचाच असेल आणि तेवढेच तास चालला, तर वीज जवळपास तेवढीच जळेल आणि पाणी दीडपटीहून जास्त उपसलं जाईल. वीज वाचायची तर नवा पंप कमी एचपीचा हवा, किंवा शेतकऱ्यानं तो लवकर बंद करायला हवा. लवकर बंद का करावा? पाणी कमी पडण्याची भीती रोजची, आणि बिल एचपीवर आकारलेलं. आता तर 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज माफ आहे. तेव्हा अवर्षणाच्या पट्ट्यात अशा प्रकल्पाचं मूल्यमापन करताना किलोवॉट मोजून भागत नाही. पंप किती तास चालला, पाणी किती निघालं आणि विहिरीची पातळी कुठे गेली, हेही मोजावं लागतं. जास्त पाण्यानं पीक वाचलं असेल तर तो लाभच आहे. पण त्याला वीजबचत म्हणून खात्यावर मांडणं चूक, आणि भूजल खाली गेलं असेल तर ती किंमतही मांडायला हवी.

हे वाचून कुणी म्हणेल, मग कार्यक्षमता वाढवून उपयोग काय, माणूस वाचलेलं पुन्हा उधळणारच. हा युक्तिवाद जुना आहे. कोळशाची इंजिनं सुधारली की कोळशाचा खप वाढतो, असं इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्येच मांडलं होतं. मेक्सिकोचा अनुभव त्याला पुष्टी देणारा म्हणून सांगितला जातो. तिथे 2009 ते 2012 या काळात जुने फ्रिज आणि एसी घेऊन नव्यासाठी अनुदान दिलं गेलं. डेव्हिस, फुक्स आणि गर्टलर या अभ्यासकांनी लाखो घरांची बिलं तपासली, तेव्हा फ्रिज बदललेल्या घरांचा वापर 8 टक्क्यांनी घटलेला दिसला, म्हणजे अंदाजाच्या सुमारे चौथाई. एसी बदललेल्या घरांचा तर वाढलेला. पण नीट वाचलं तर इथे उधळपट्टीपेक्षा गृहीतकंच जास्त दोषी दिसतात: काढलेले फ्रिज समजले होते तितके जुने नव्हते, नवे आकारानं मोठे होते. वाढीव वापरानं बचतीचा किती भाग गिळला, हा मोजण्याचा प्रश्न आहे. ब्रिटनच्या ऊर्जा संशोधन केंद्रानं 2007 मध्ये घेतलेल्या आढाव्यात श्रीमंत देशांतल्या घरगुती वापरासाठी तो साधारण 30 टक्क्यांच्या आत निघाला होता. उरलेली बचत बचतच राहते. आणि जिथे एकाच खोलीत दिवा लागत होता तिथे आता स्वयंपाकघरातही लागला, तर त्या वाढीव वापराला तोटा म्हणणं मला मान्य नाही.

त्याच जातीचा आणखी एक समज म्हणजे देशाचा एकूण वीजवापर वाढला, म्हणजे बचतीची धोरणं फसली. 2023-24 मध्ये भारतात 1,700 अब्ज युनिटांहून जास्त वीज तयार झाली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी अधिक. याच काळात सौभाग्य योजनेतून पावणेतीन कोटींहून अधिक घरांना पहिल्यांदा वीजजोडणी मिळाली, उद्योग वाढले, एसी वाढले. या वाढीतून धोरण फसलं असंही निघत नाही, आणि धोरण नसतं तर वाढ याहून जास्त झाली असती असंही आपोआप निघत नाही. दोन्ही बाजूंना तुलना दाखवावीच लागते.

उपकरणावरच्या ताऱ्यांबद्दल थोडक्यात. एसीच्या लेबलवरचे वार्षिक युनिट वर्षाला 1,600 तासांच्या वापरावर काढलेले असतात. मुंबईतलं कार्यालय तो आकडा केव्हाच ओलांडतं, पुण्यातली झोपायची खोली तिथवर पोचतही नाही. आणि निकष अधूनमधून कडक होतात: 2022 च्या जुलैत आदल्या दिवसापर्यंतचा पाच तारेवाला एसी चार ताऱ्यांवर आला. दोन वेगळ्या वर्षांचे तारे शेजारी ठेवून केलेली तुलना म्हणूनच निरर्थक ठरते.

मूल्यमापनाला सर्वांत मोठा विरोध होतो तो भीतीपोटी. आकडा कमी निघाला तर योजना बंद पडेल, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. अमेरिकेत मिशिगन राज्यात गरीब कुटुंबांची घरं थंडीपासून सुरक्षित करण्याच्या योजनेची फाउली, ग्रीनस्टोन आणि वोल्फ्रम यांनी सुमारे 30,000 कुटुंबांवर चाचणी घेतली. ऊर्जेचा वापर 10 ते 20 टक्क्यांनी खरोखर घटला होता. पण अभियंत्यांच्या प्रारूपानं वर्तवलेली बचत प्रत्यक्षाच्या तिपटीहून जास्त होती, आणि घरटी झालेला खर्च वाचलेल्या ऊर्जेच्या मोलाच्या साधारण दुप्पट. घरातलं तापमान वाढवून लोकांनी बचत घालवली, असंही आढळलं नाही. म्हणजे दोष लाभार्थ्यांचा नव्हता, अंदाजाचा होता. यातून योजना मोडीत काढा असा निष्कर्ष निघत नाही. कुठल्या घरात कुठलं काम करायचं ते निवडा, असा निघतो. आकडा झाकून ठेवला असता तर तो निवडीचा धडा कुणालाच मिळाला नसता, आणि गरिबांसाठीचा पैसा तसाच खर्च होत राहिला असता.

काहींचा आक्षेप नैतिक असतो: तुलनेसाठी निम्म्या लोकांना लाभापासून दूर ठेवायचं का? पण कुठलीही योजना एका दिवसात सगळीकडे पोचत नाही. कुठला तालुका आधी आणि कुठला नंतर, हे ठरवावंच लागतं. आज ते वशिल्यानं किंवा उत्साही अधिकारी कुठे आहे त्यावर ठरतं. तेच सोडतीनं ठरवलं तर कुणावर अन्याय होत नाही आणि नंतर येणारे तालुके तुलनेला आयते मिळतात. उत्साही ठिकाणी केलेला पथदर्शी प्रकल्प फसवा असू शकतो, याचाही पुरावा आहे. अमेरिकेत शेजाऱ्यांच्या वापराशी तुलना करणारी पत्रं ग्राहकांना पाठवण्याच्या 111 चाचण्या, 86 लाख घरांवर झालेल्या, हंट ऑलकॉट यांनी तपासल्या. पहिल्या दहा ठिकाणांवरून बांधलेला अंदाज पुढच्या ठिकाणांना लागू पडला नाही, तो जास्त निघाला.

महाराष्ट्रात हे करायला आज चांगली जागा आहे. गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या अनेक ठिकाणी वेगळ्या झाल्या आहेत, आणि सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीच्या वाहिन्यांकडे लक्षही गेलं आहे. प्रत्येक पंपाला मीटर नसलं तरी उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीचं मीटर असतं. पंप बदलायचे असतील तर एका तालुक्यातल्या वाहिन्यांची सोडत काढावी. पहिल्या वर्षी निम्म्या वाहिन्यांवरचे पंप बदलावेत, दुसऱ्या वर्षी उरलेल्या. वाहिनीचे युनिट, पुरवठ्याचे तास आणि निवडक विहिरींची पातळी पंप बदलण्याच्या आधी एक वर्ष आणि नंतर दोन वर्षं नोंदवावी. कशाची तुलना कशाशी करणार आणि कुठली गृहीतकं धरणार, हे निविदा निघण्याआधी छापून जाहीर करावं, म्हणजे निकाल पाहून पद्धत बदलण्याची सोय कुणालाच उरणार नाही.