पत्र्याखालचं गणित

भोकरदन म्हणजे सातवाहनकालीन भोगवर्धन. १९७३चं उत्खनन आणि पाँपेईच्या हस्तिदंती मूर्तीशी नातं सांगणारा तिथला तुकडा यांवर जाणकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. माझं जुनं वेड त्या गावाच्या आजच्या छपरांचं. माळवद उतरवून पत्रा चढवला, तेव्हा आत राहणाऱ्या माणसाचं नेमकं किती बिघडलं, हे आकड्यात मांडता येईल का?

येतं. त्याचं साधन ‘एसपी ४१’ या रुक्ष नावाच्या ग्रंथात आहे. भारतीय मानक ब्यूरोनं तो १९८७ मध्ये काढला. इमारतीतली उष्णता, उजेड, वारा आणि आवाज असं सगळं त्यात एकत्र येतं.

उजेड-आवाजाचं थोडक्यात सांगतो. हिशेबासाठी निरभ्र आकाशाचा उजेड ८,००० लक्स धरतात; त्याचा एक टक्का बाकावर पोचला तर ८० लक्स होतात. वर्गात ४० ते ४५ डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो. वळवाचा पाऊस पत्र्यावर ताशा बडवू लागला की ही मर्यादा कुठच्या कुठे मागे पडते.

खरी मौज उष्णतेच्या भागात आहे. डेन्मार्कच्या फांगर यांचं १९७०चं सूत्र जगभर चाललं, पण ते मुख्यतः प्रयोगशाळेच्या बंद खोलीत बसवलेल्या अमेरिकी आणि डॅनिश विद्यार्थ्यांवर बेतलेलं. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतले एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी भारतीय माणसांनाच ऐन उन्हाळ्यात विचारलं, कसं वाटतंय? त्यांचा ‘ट्रॉपिकल समर इंडेक्स’ १९८६ मध्ये छापून आला.

त्याचं सोपं रूप असं: ओल्या थर्मामीटरच्या आकड्याचा तिसरा हिस्सा, अधिक काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरचा पाऊण हिस्सा, उणे वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची दुप्पट. उत्तर २५ ते ३० आलं तर सुख, ३४ पर्यंत सोसवतं.

मे महिन्यातली दुपार धरू. पत्र्याखाली काळा गोळा ४२, ओला थर्मामीटर २१ आणि पंख्याचा वारा सेकंदाला एक मीटर. सात अधिक साडेएकतीस उणे दोन, म्हणजे ३६.५. माळवदाखाली गोळा ३३ वर राहिला, तर बाकी सगळं तेच असताना उत्तर ३० च्या आत येतं. पंख्याची दोन अंशांची मदत चार अंश करायची तर वारा चौपट लागतो. सगळा भार पंख्यावर टाकणाऱ्यांनी हे वर्गमूळ लक्षात ठेवावं.

माळवदालाही किंमत मोजावी लागते. फूटभर मातीतून ऊन खाली झिरपायला दहाएक तास लागतात, म्हणजे दुपारची धग मध्यरात्री खोलीत उतरते. तेव्हा घरातली माणसं वर, उघड्यावर निजलेली असत. घर आणि झोप यांचं वेळापत्रक एकमेकांना धरून होतं.

२०१६च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत नवं भारतीय सूत्र आलं. त्यासाठी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि शिमल्यातल्या कार्यालयांचा अभ्यास झाला. महाराष्ट्रातलं एकही शहर त्यात नाही, पत्र्याचं घर तर नाहीच. म्हणून मला शर्मांचं सूत्र अजून जवळचं वाटतं. दोन थर्मामीटर, वाऱ्याचा अंदाज आणि पेन्सिल, एवढ्यावर ते भागतं.

शाळाखोलीच्या अंदाजपत्रकात सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब असतोच. ग्रामसभेत बसणाऱ्या वाचकांनी मंजुरीआधी आणखी एक प्रश्न विचारावा: उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता या छपराखाली आकडा किती येणार? तो ३४ च्या वर असेल, तर नकाशा परत पाठवावा.