दुष्ट माणूस लहानपणी कसा असतो?



परवा गोष्टीच्या तासाला चौथीतल्या एका मुलानं मला विचारलं, “बाई, गोष्टीतला दुष्ट माणूस लहानपणीपण दुष्टच असतो का हो?” सगळा वर्ग हसला. मी मात्र विचारात पडले. कारण याच प्रश्नावर एक अख्खा सिनेमा निघालेला आहे!

‘द हंगर गेम्स’ हे नाव तुमच्या ताई-दादांनी ऐकलं असेल. अमेरिकेच्या सुझान कॉलिन्स या लेखिकेची ही कादंबरी २००८ साली आली आणि २०१२ पासून तिच्यावर सिनेमे निघू लागले. गोष्ट आहे भविष्यातल्या पॅनेम नावाच्या देशाची. तिथल्या श्रीमंत राजधानीच्या मुठीत बारा गरीब जिल्हे असतात. जिल्ह्यांनी पूर्वी बंड केलेलं, म्हणून त्यांना शिक्षा काय? दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा नि एक मुलगी आखाड्यात सोडायची. एकूण चोवीस मुलं, आणि जिवंत राहायचं फक्त एकानं! हे सगळं टीव्हीवर दाखवायचं. ‘पॅनेम’ हा लॅटिन शब्द बरं का. त्याचा अर्थ भाकरी. पोटाला भाकरी नि डोळ्यांना खेळतमाशे दिले, की प्रजा गप्प बसते, असं प्राचीन रोममध्ये म्हणत. त्यावरूनच हे नाव आलं.

या देशाचा क्रूर राष्ट्राध्यक्ष म्हणजे स्नो. कोटाला पांढरा गुलाब लावून गोड बोलणारा हा म्हातारा पाहिला, की अंगावर काटा येतो.

मग २०२३ साली आला ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्‌स अँड स्नेक्स’. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स. हा आहे ‘प्रीक्वेल’, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीच्याही आधीची गोष्ट. काळ चौसष्ट वर्षं मागचा. स्नो इथे अठरा वर्षांचा आहे, आणि काय सांगू, चक्क आवडतो आपल्याला!

घराणं मोठं, पण युद्धात वडील गेले, पैसा गेला. घरात म्हातारी आजी आणि चुलतबहीण टायग्रिस. पोटात भूक, पण बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. शाळेत पहिला येऊन बक्षिसाची रक्कम मिळवायची, तरच पुढचं शिक्षण. पण ऐनवेळी नियम बदलतो. आता आखाड्यातल्या एका स्पर्धकाला तयार करायचं, आणि ते काम जो उत्तम करील त्याला बक्षीस! स्नोच्या वाट्याला येते बाराव्या जिल्ह्यातली गाणारी मुलगी, लूसी ग्रे.

तिला वाचवायला तो लपूनछपून नियम मोडतो. आपण मनात म्हणतो, “शाब्बास!” प्रेक्षकांनी पैसे देऊन आवडत्या स्पर्धकाला खाणंपिणं पाठवावं, ही युक्तीही तोच सुचवतो. त्याला हवं असतं लूसीचं आणि स्वतःचं भलं. पण त्यामुळे तो भयंकर खेळ लोकांना आणखी आवडू लागतो. पुढे तर तो आपल्या जिवलग मित्राचं, सिजेनसचं, गुपित वरच्यांना कळवतो. त्या मित्राला फाशी होते.

प्रत्येक वेळी त्याच्यापाशी कारण असतं. घरासाठी, लूसीसाठी, जिवासाठी. कारणं खोटी नसतात, म्हणूनच तर फसायला होतं! दर वेळी तो एक पायरी खाली उतरतो आणि पुढची पायरी आणखी सोपी होते. शेवट मी सांगत नाही.

“मग गरिबीमुळेच तो बिघडला ना?” असं कुणी म्हणेल. पण टायग्रिस पाहा. तेच घर, तीच भूक. तरी तिची माया आटत नाही. २०१५ च्या सिनेमात म्हातारी टायग्रिस स्नोविरुद्ध लढणाऱ्यांना आपल्या दुकानात लपवते. आणि सिजेनसच्या घरी पैशाला तोटा नाही, तरी त्याला दुसऱ्याचं दुःख बघवत नाही. म्हणजे परिस्थिती माणसाला ढकलते खरी. पण पाऊल आपणच टाकतो.

आता दोन शब्द पालकांशी. या सिनेमात हिंसा आहे. तेव्हा लहानांना दाखवू नका; मोठ्या मुलांसोबत आपणही बसा. मला स्वतःला त्यातली डॉ. गॉल विसरता येत नाही. ही खेळांची प्रमुख हुशार स्नोला पुन्हा पुन्हा पटवते, की माणूस मुळात जनावरच आहे. हळूहळू त्याला ते पटतं. हे पाहताना मी ओशाळले. वैतागून मीही एका पोराला म्हणाले होते, “तू असाच राहणार!” दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बोलावून ते शब्द परत घेतले. तो काही बोलला नाही, पण त्या दिवशी फळा त्यानंच पुसला.

आणि त्या चौथीतल्या प्रश्नाचं उत्तर? बाळा, लहानपणी तो तुझ्या-माझ्यासारखाच असतो. म्हणून तर जपायचं. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावताना, मित्राचं नाव पुढे करताना मनात एखादं छानसं कारण तयार असेल, तर क्षणभर थांबायचं आणि स्नोला आठवायचं!